गुळवेलीचा काढा आणि मंदाताईचं तळं

किन्हवलीहून जानीबाईचा फोन आला तेव्हा मी आटगावला घरी भाजी निवडत होते. “बाई, या लवकर. ताई उठत नाय…” एवढंच ती बोलली. मी किन्हवलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी आतेबहीण मंदाताई झोपेतच गेली होती.

तिचं आयुष्य ठाण्याच्या कॉलेजात माशांचे आजार शिकवण्यात गेलं. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर वडिलांच्या शेतावर एकटीच राहायला आली, तळं खणून घेतलं, रोहू-कटला सोडले. माशांसाठी गुळवेल आणि लसणाचा काढा करायची, गार झाला की कोंडा-पेंडीत कालवून गोळ्या सावलीत वाळवायची. “हे औषध नव्हे हं,” ती बजावायची, “अंगात जोर राहावा म्हणून.” घरभर लसणाचा वास. तुझा चहासुद्धा लसणाचा लागतो, असं मी म्हटलं की हसायची, आणि मी थोडं थांबावं म्हणून आणखी एक कप टाकायची…

काही वर्षांपूर्वी थंडीत शेजारच्या वाडीतल्या बायकांच्या बचत गटाच्या तळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. गटाची पुढारी जानीबाई धावत आली. “ताई, तुमचा काढा द्या.” ताई तळ्यावर गेली. मासे निपचित तरंगत होते. “जो मासा खातच नाही, त्याच्या पोटात काढा जाणार कसा, जानी?” तिने आजारी मासे बाहेर काढायला लावले, चुना टाकायला, ताजं पाणी सोडायला सांगितलं. तरी बरेचसे मेलेच. “तुमचे जगले नि आमचे मेले,” जानीबाई भर अंगणात म्हणाली. “द्यायचा नव्हता, तर सरळ सांगायचा होता.”

मन राखायला बादलीभर काढा दिला असता तर एवढं तुटलं नसतं. ताईला ते जमलं नाही. मग वाडीतलं कोणी तिच्याकडे फिरकेना. फोनवर एकदा म्हणाली, “आज दिवसभरात तुझ्याशीच काय ते बोलले गं.”

पुढच्या पावसाळ्यात गटाने पुन्हा माशांचं बीज सोडलं. मासे धडधाकट होते तेव्हापासूनच ताई, न बोलावता, गोळ्या घेऊन तिकडे जाऊ लागली. बायका तोंड फिरवायच्या. ती खाणं टाकून परतायची. त्या थंडीत चट्टे उठले नाहीत. काढ्यामुळे की पाणी स्वच्छ राखल्यामुळे, हे तिनेही कधी ठामपणे सांगितलं नाही. पण एका सकाळी जानीबाई रानातून गुळवेलीचा भारा घेऊन आली, अंगणात टाकला आणि विळी मागितली. दोघी तुकडे करत बसल्या. त्या दिवशी ताईचा फोन आला, तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती हसतच होती.

परवा पुन्हा गेले. घराला कुलूप होतं. ताईच्या तळ्याकडे निघालेली जानीबाई वाटेत भेटली, तिच्यामागून मीही गेले. आमची चाहूल लागताच मासे काठाशी गोळा झाले, ताई उभी राहायची त्याच दगडापाशी. पाणी नुसतं खळबळत होतं.

“त्यांना काय ठावं, बाई,” मूठभर गोळ्या पाण्यावर टाकत जानीबाई म्हणाली, “पाय कोणाचा हाय…”