हॅलवर्डांची वाटी

फिलाडेल्फियाबाहेरच्या हॅलवर्डांच्या घरात चौऱ्याऐंशी साली एकच हॅलवर्ड उरली होती, म्हातारी मिस एलिनॉर. एकेकाळी अर्धे हॅलवर्ड बँका चालवायचे आणि अर्धे आरमारात लढायचे. दिवाणखान्यात त्या सगळ्यांची चित्रं होती. बँकवाले असे बघायचे, की समोरचा कर्ज मागायलाच आलाय. आरमारवाले त्यातल्या त्यात बरे. या मंडळींवरची धूळ झटकायला आणि म्हातारीला सोबत करायला नागपूरची पद्मिनी खांबेटे रोज जायची. नवरा विनय इंजिनियर, पैशांची नड नव्हती. पण घरात बसून डोकं फिरायची पाळी आली होती. शिवाय अख्ख्या अमेरिकेत तिचं नाव मोडतोड न करता घेणारी ही एकच म्हातारी. पद्मिनीचा जीव जडला होता तिच्यावर, खोटं कशाला बोला?

एके दिवशी म्हातारीने तिला घरी न्यायला जिंजरब्रेड दिला, एका जुन्या चांदीच्या वाटीत. पद्मिनीला चांदीचं काय कौतुक? लहानपणी खीर तिने चांदीच्या वाटीतूनच खाल्लेली. पण शेजारून आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे मात्र आईने हाडीमासी भिनवलं होतं. लाडू करावेत तर बेसन तासाभराच्या ड्राइव्हवर, आणि विनयला सवड रविवारी. तोवर वाटी घासूनपुसून तिच्या ओट्यावर राहिली.

दुसऱ्याच दिवशी म्हातारीचा भाचा टेड उगवला. एरवी ख्रिसमसशिवाय न दिसणारा माणूस, आता रोज हजर. काचेची कपाटं उघडायचा, मिटायचा. पद्मिनी खोलीत आली की आत्या-भाच्याचं बोलणं तुटायचं. एकदा त्याने हसत हसत विचारलं, भाडं परवडतं का म्हणून. आगाऊ मेला!

"इथे पाणी मुरतंय," ती घरी विनयला म्हणाली. "तो म्हातारीच्या वस्तू लांबवतोय. मला बघून दचकतो."

"तुझं आपलं काहीतरीच, यार. आणि तुला काय? कर नाही त्याला डर कशाला?"

तरी ती टेडवर डोळा ठेवून राहिली. तो वर गेला की ही फडकं घेऊन जिन्यात. टेडही वळून वळून बघायचा. एकमेकांवर पाळत ठेवण्यातच दोघांचा आठवडा गेला.

रविवारी लाडू वळून झाले. भरण्याआधी विनयने वाटी सहज उलटी केली. घासताना पद्मिनीला नुसती नक्षी वाटलेली, पण तळाशी नांगर कोरला होता, आणि आरमारातल्या कुण्या कमोडोर हॅलवर्डचं नाव. टेड कपाटांत काय शोधत होता, ते दोघांनाही त्या क्षणी कळलं. नोकरी गेली तर गेली, पण म्हातारीच्या मनात आपण चोर म्हणून राहायचं, हे पद्मिनीला सोसणार नव्हतं.

"नुसती देऊन टाक आणि सॉरी म्हण," विनय म्हणाला.

"नुसती दिली तर चोरलेली परत केल्यासारखी दिसेल." तिने वाटी शिगोशीग भरली.

सोमवारी तिने ती म्हातारीपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. टेडने लाडू वर्तमानपत्रावर ओतले, वाटी उलटून नांगर बघितला, मग खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. म्हातारी बराच वेळ विचार करून म्हणाली, "येस, आय थिंक आय गेव्ह इट टू हर." टेड म्हणाला, "मिसअंडरस्टँडिंग." लाडवाला कुणी हात लावला नाही. वाटी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

पुढच्या आठवड्यात म्हातारीने पुन्हा जिंजरब्रेड दिला, कागदी ताटलीत. परत आणायची तसदी घेऊ नकोस, पद्मिनी, असंही गोड आवाजात म्हणाली. पद्मिनीला भरून आलं, आणि रागही आला. तिने आपली पर्स उघडली आणि म्हातारीसमोर टेबलावर ठेवली. म्हातारी आता ओशाळेल, पर्स मिटून आपल्या हातात देईल, असं तिला मनापासून वाटत होतं.

म्हातारीने चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि पर्स जवळ ओढली.