बुधवारची सुई

घाटंजीची सुरभी ब्लाउज शिवायची आणि ज्या दिवशी देते म्हटलं त्याच दिवशी द्यायची. शिलाईवाल्यांबद्दल असं सहसा कोणी बोलत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात तिचा नि कपिलचा एक गर्भ गोठवून ठेवला होता. एकच. आधीचे दोन रुजलेच नव्हते.

तिथल्या डॉक्टर भैरवी मॅडम बोलायच्या ते फळ्यावर लिहिल्यासारखं. "बुधवारी. संध्याकाळी सात वाजता. पहिलं इंजेक्शन. सोमवारी गर्भ आत सोडायचा. गर्भ पाच दिवसांचा आहे, पिशवीचीही पाच दिवस तयारी हवी. मागंपुढं चालणार नाही."

बुधवारी दुपारी अवस लागली. सासू इंदुताई सुई पाहूनच कडाडल्या.

"पितरायच्या अवसेले सुई? कोनाच्या घरी टोचतात वो?"

"पण मॅडमनं सांगतलं, आत्या..."

"मॅडमले दोन लेकरं हायेत! तिले काय जाते सांगाले?"

सुरभीनं नवऱ्याकडे पाहिलं. कपिल डोकं खाजवत म्हणाला, "दोन दिवसानं काय होते? सोयाबीन नाही का आपन मांगंपुढं पेरत?"

अवस सुटता सुटता गुरुवारही गेला. पहिली सुई शुक्रवारी टोचली.

सोमवारी मॅडमनी विचारलं, "इंजेक्शन बुधवारीच सुरू केलं ना?"

"हो जी! साडेसहालेच तयार बसलो होतो!" इंदुताईंच्या आवाजातून मध गळत होता.

सुरभीच्या ओठांवर शुक्रवार आला होता. पण आज सोडला नाही तर गर्भ नासेल, असं तिला वाटलं. तिनं मान हलवली. नऊ वर्षांत ती मान आपोआप हलायला शिकली होती.

गर्भ सोडला. बारा दिवसांनी रक्त तपासलं. काही नव्हतं.

"गर्भ उत्तम होता, पिशवीचं अस्तर छान होतं," मॅडम म्हणाल्या. "असं का झालं, सांगता येत नाही."

"आमी तं सारं टायमावर केलं," इंदुताईंनी पदर डोळ्याला लावला. "हिचीच पिशवी तशी. मानसानं किती करावं?"

"सुई शुक्रवारी टोचली, मॅडम," सुरभी म्हणाली.

"काय बोलून राह्यली?" इंदुताईंचा पदर खाली आला.

"अवस होती म्हणून. बुधवार खोटा सांगितला. मीही मान हलवली."

मॅडमचं पेन थांबलं. मग त्यांनी कागदावरचा बुधवार खोडला, त्यावर शुक्रवार लिहिला, आणि बोटांवर दिवस मोजून पाहिले. या वेळी आवाज फळ्यावरचा नव्हता.

"अहो, मग दोन दिवसांनी सोडला असता. बुधवारी सोडला असता! गोठवलेला होता तो. त्याला कसली घाई होती? एक फोन करायचा होता."

"म्हंजे अवसही पाळता आली असती?" कपिलनं विचारलं.

"हो."

इंदुताई उठल्या. "चाला. साडेचारची गाडी सुटन."

सुरभी उठली नाही.