ओढा बरा झाला

शिवणकाकूंच्या मागच्या दाराशी ओढा होता आणि पुढच्या दाराशी फारसं कोणी फिरकत नसे. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, आणि घरात आवाज उरला तो शिलाई मशीनचा. मुलीचा फोन यायचा, पण तिला कायम घाई. "आई, ठेवते गं, नंतर बोलू." ते 'नंतर' काही उगवत नसे.

मग कॉलेजची पोरं येऊ लागली. दर महिन्याला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून. पाण्यात जाळी धरायची, पुढचे दगड पायाने ढवळायचे, अडकलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचे आणि त्यावर माना खाली घालून बसायचं. कोणते किडे टिकतात त्यावरून पाण्याची तब्येत कळते, असं त्यांच्यातल्या एका चष्मेवालीने काकूंना समजावलं. पहिल्यांदा नुसत्या लाल अळ्या आणि जळवा निघाल्या.

"म्हणजे पेशंट सीरियस आहे," काकू म्हणाल्या. पोरं खो खो हसली.

तेव्हापासून ट्रे काकूंच्या ओट्यावर मांडले जाऊ लागले. फाटकी जाळी त्या मशीनवर शिवून द्यायच्या. ओले मोजे त्यांच्या खिडकीत वाळायचे. वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना बंद पडला, तशा ओढ्यात गोगलगायी आल्या, चतुराच्या अळ्या आल्या. जुनी मुलं पास होऊन गेली, नवी आली. चष्मेवाली मात्र पुढच्या शिक्षणासाठी राहिली. पोरं यायची म्हटलं की काकू आदल्या दिवशीच ओटा घासून ठेवत.

एका सकाळी चष्मेवाली ओरडलीच, "काकू, लवकर या!" दगडाला तीन शेपट्यांचा चपटा किडा चिकटला होता. "हा घाणीत जगतच नाही. आपला ओढा बरा झाला!"

पोरांनी काकूंना धरून गरागरा फिरवलं. मग पोरांबरोबर आलेले सर म्हणाले, "आता इथे वर्षातून एकदा आलं तरी पुरे. पुढच्या महिन्यापासून बाजारामागचा नाला."

काकू पटकन म्हणाल्या, "मग टाकू का थोडी घाण?"

सगळे हसले. चष्मेवाली तेवढी हसली नाही.

त्यानंतर ओढा नितळ वाहत होता आणि काकूंना त्याच्याकडे बघवत नव्हतं. मुलीला फोनवर म्हणाल्या, "ओढा बरा झाला गं."

"अरे वा! छानच की. आई, ठेवते हं."

पुढच्या महिन्यात कॉलेजची गाडी पुढच्या दाराशी थांबली. चष्मेवाली जाळी घेऊन उतरली. "काकू, फाटलीय."

"आण, आत्ता देते शिवून."

"इथे नको. नाल्यात काचा आहेत, पुन्हा फाटेल. तुम्हीच चला, सुईदोरा घेऊन."

नाल्याला असा वास की काकूंनी रुमाल नाकावरून काढला नाही. ट्रेमध्ये पुन्हा लाल अळ्याच. पोरांची तोंडं उतरली. "हा सुधारायला किती वर्षं लागतील, देव जाणे," सर उसासले.

"अरेरे," काकू म्हणाल्या, आणि हसू कोणाला दिसू नये म्हणून सुईत दोरा ओवू लागल्या.