अक्का जेवून गेली तो रविवार

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कुणी असल्या गोष्टी सांगू लागलं की उठून जाणारा मी माणूस. तरी लिहितोय, कारण हे ऐकायला आता घरात कुणी उरलेलं नाही… आणि मनावरचं ओझं काही उतरत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. बेंगळुरात चामराजपेटेत दोन खोल्यांच्या घरात मी एकटा राहायचो. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. मागे छोटंसं अंगण, त्याला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंच भिंत. मागून यायला वाट नाही — एवढं लक्षात ठेवा.

माझा थोरला भाऊ, अण्णा, राजाजीनगरला नवं घर बांधून राहत होता. आमची अक्काही तिथेच. अक्का म्हणजे वडिलांची बहीण. लहानपणीच विधवा झालेली, लाल आलवणातली. आई गेल्यावर आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवलं. सोवळं मात्र फार कडक — इकडे आम्ही कानडीसारखं त्याला मडी म्हणतो. कुणाच्या हातचं खायची नाही. मागच्या खोलीत स्वतःच्या चुलीवर एकदाच शिजवायची.

मी अधूनमधून जायचो. वहिनी कॉफी देता देता म्हणायच्या, "अक्का मडीत आहेत हं, भावजी. शिवू नका. लांबूनच बोला स्वल्प." मी उंबऱ्याबाहेरून विचारायचो, "बरी आहेस ना गं?" आतून "हूं" यायचं. झाली भेट.

एकदा दारातून तिची चूल दिसली. राखेचा कण नाही, सरपणावर कोळ्याचं जाळं.

"अक्का शिजवत नाही का हल्ली?"

"एकादशी आहे की आज!" वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी एकादशी नव्हती. मला ठाऊक होतं. मी कॉफी संपवून घरी आलो.

त्यानंतरच्या एका रविवारी, भर दुपारी, मी भात आणि सार केलं. हिंगाची डबी हातातून निसटली आणि सारात भसकन हिंग पडला. पान मांडून बसणार तोच मागे अंगणात कुणीतरी खाकरलं. दार उघडलं तर अक्का!

"अगं, तू कशी आलीस? अण्णा कुठाय?"

"ते मग सांगेन. आधी वाढ मला."

"मी पारोसा आहे, अक्का. माझ्या हातचं—"

"वाढ म्हणते ना! भूक लागलीय रे."

अक्काच्या तोंडून भूक हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मुकाट्याने माझ्यासाठी मांडलेल्या पानावर वाढलं. ती खाली मान घालून भराभर जेवली. तांब्या भरून आणायला मी आत वळलो, परत आलो तर पान रिकामं, नीट दुमडलेलं. अक्का नाही. अंगणात कुणी नाही. पुढच्या दाराला आतून कडी तशीच.

शर्ट अडकवला आणि बसने राजाजीनगर गाठलं.

"या उन्हात कुठे रे?" अण्णाने दार उघडलं.

"अक्का कुठाय?"

"कुठे असणार? खोलीत."

खोलीला बाहेरून कडी होती.

"ही कशाला?"

अण्णा बाजूला झाला. वहिनीच म्हणाल्या, "शेजाऱ्यांकडे जाऊन भात मागायला लागल्या होत्या हो! लोक काय म्हणतील आम्हाला? आमच्या हातचं तर चालत नाही. मडी ना त्यांची!"

"तुम्ही कधी ताट नेऊन ठेवलं होतं?"

मी कडी काढली.

अक्का चटईवर पडलेली. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. चुलीवर हात ठेवला. गार. हातांतला जोर गेल्यापासून तिला शिजवता येत नव्हतं, आणि आम्ही सगळे तिची मडी सांभाळत बसलो होतो.

मी वाकलो. तिने डोळे उघडले आणि अगदी हळू म्हणाली, "सारात हिंग जास्त झाला होता रे."

मी तिला तसंच उचललं, पारोशा अंगाने. ओल्या पातळाचा पिळा उचलावा एवढंच वजन.

"भावजी, शिवलात!" वहिनी किंचाळल्या.

जन्मभर कुणाला शिवू न देणाऱ्या अक्काने माझी कॉलर मुठीत धरली. घोड्याचा जटका चामराजपेटेत पोचेपर्यंत सोडली नाही.

पुढे ती माझ्याकडेच राहिली. माझ्या हातचं खाल्लं, नावं ठेवत खाल्लं. एकदा धीर करून त्या दुपारचं विचारलं.

"वेडा आहेस का? मला उठता तरी येत होतं?"

"मग हिंगाचं कसं कळलं?"

"तोंडात चव होती खरी. कुठून आली, देव जाणे."

ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, मनातली टोचणी, दुसरं काही नाही. असेल. पण ते रिकामं पान मी स्वतः उचलून टाकलं होतं, आणि त्या दिवशी मी जेवलोच नव्हतो. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

अक्काही आता गेली. तुमच्या नात्यात कुणी म्हातारं माणूस असं वेगळ्या खोलीत राहत असेल, तर उंबऱ्यावरून खुशाली विचारून परतू नका. आत जा. चुलीला हात लावून बघा.

रविवारी मी अजून सार करतो. मागचं दार उघडं ठेवून जेवायला बसतो. कुणी येत नाही.