दुसरी फुंकर

पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी बॅज नंबर ४१८ ने टाइमकीपरच्या खोलीत श्वास तपासायच्या यंत्रात जोरात फुंकर मारली. अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश होता, चौदा महिन्यांनी कपाटाबाहेर आलेला. खिडकीबाहेर नऊ नंबरची बस उभी होती. ती आज ५.४० ला त्याने काढायची होती. कालपर्यंत तो तिला नुसता धूत होता.

डेपोत त्याला सगळे ‘हॉर्न’ म्हणतात. का, ते त्याच्या पुढे एकदा तरी गाडी चालवलेल्याला विचारावं.

यंत्र दोनदा टिकटिकलं. आकडा आला १४. यायला हवा होता शून्य.

खिडकीला नाक लावून उभी असलेली धुलाईची टोळी, म्हणजे त्याचे कालपर्यंतचे सोबती, आकडा वाचायला आणखी पुढे सरकली.

चौदा महिन्यांपूर्वी ह्याच यंत्राने ६१ दाखवले होते. पाळ्या बदलत गेल्या, झोप उडाली, झोपेसाठी एक घोट सुरू झाला आणि त्याचा पुढे पेला झाला. मग तीन महिने व्यसनमुक्ती केंद्र, उदासीवर गोळ्या. बाहेर आल्यावर दीड महिन्याने एका साखरपुड्यात पुन्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी स्वतःच केंद्रात जाऊन सांगून आला. त्या दिवसापासूनची मोजणी आज २८७ वर होती.

नियम असा: पंधरा मिनिटं टाइमकीपरच्या नजरेसमोर राहायचं, तोंडात काही घालायचं नाही, मग पुन्हा फुंकायचं. दुसराही आकडा चढा आला, तर ह्या माणसाला स्टिअरिंग कायमचं बंद.

‘‘साहेब, मी घेतलेली नाही,’’ हॉर्न म्हणाला.

‘‘सगळे हेच म्हणतात,’’ टाइमकीपर घड्याळाकडे बघत म्हणाले. ‘‘तूही गेल्या वेळी म्हणाला होतास.’’

वाहक बाई आज त्याच्याच गाडीवर होत्या. ‘‘दादा, सकाळपासून तोंडात काय काय घातलंत? नीट आठवा.’’

‘‘चहा. घरी. आणि आत्ता बाथरूममध्ये चूळ भरली. बायकोने बाटली दिलीय, पहिल्या दिवशी तोंड ताजं हवं म्हणून.’’

बाईंनी त्याच्या पिशवीतून हिरवी बाटली काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बारीक अक्षरं वाचली. ‘‘अहो, ह्यात अल्कोहोल आहे!’’

हॉर्नने बायकोला फोन लावून स्पीकरवर टाकला. बाटलीत काय निघालं ते ऐकून ती म्हणाली, ‘‘अगं बाई! खोकल्याचं औषधसुद्धा बदलून आणलं मी, आणि हीच नेमकी... मी येऊ का तिकडे?’’

‘‘नको. तिसऱ्या स्टॉपवर थांबायचं ठरलंय ना, तिथेच थांब.’’

‘‘बाटली काय म्हणते ते यंत्राला कळत नाही,’’ टाइमकीपर म्हणाले. ‘‘अकरा मिनिटं राहिली.’’

प्यायलो असंच सगळे धरून चाललेत, मग प्यायलो तर काय बिघडलं, हा विचार हॉर्नच्या ओळखीचा होता. साखरपुड्यातही तोच आला होता. तेव्हा त्याने तो कुणाला सांगितला नव्हता.

‘‘साहेब, आत्ता मला प्यावीशी वाटतेय.’’

टाइमकीपरांचं पेन थांबलं. ‘‘हे मला कशाला सांगतोस?’’

‘‘सांगायचं असतं. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी शिकवलंय. तलफ वीसेक मिनिटांत उतरते, तोवर बोलत राहायचं आणि हात कामाला लावायचे. गाडी तपासू का?’’

‘‘माझ्या नजरेसमोर.’’

हॉर्न पुढे, टाइमकीपर मागे, त्यांच्यामागे धुलाईची टोळी, अशी वरात बसभोवती फिरली. हातोडीने प्रत्येक टायरवर ठोका, चाकाच्या प्रत्येक नटाला हात. मोठ्याने मोजायचं. हॉर्न मधेच चुकला तर टोळी ओरडून दुरुस्त करायची. ‘‘आठ झाले, नववा तिकडे!’’ तिसऱ्या चाकापाशी टाइमकीपर स्वतःच मोजायला लागले. चौथ्यापाशी हॉर्नचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

‘‘उतरली का रे?’’ टाइमकीपरांनी हळूच विचारलं.

‘‘बरीच.’’

पाच वाजून सत्तावीस मिनिटं. नवी नळी, लांब फुंकर. यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, असं सगळ्यांचं मत पडलं. प्रत्यक्षात सहा सेकंद.

शून्य.

टोळीने बादल्या वाजवल्या. टाइमकीपरांनी दोन्ही आकडे नोंदवले, हिरवी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि किल्ली पुढे केली. ‘‘जा आता. उशीर झाला तर मात्र मी ऐकणार नाही.’’

‘‘दादा, हॉर्न कमी,’’ वाहक बाई चढता चढता म्हणाल्या. ‘‘लोक झोपेत असतात.’’

बस ५.४० लाच फाटकाबाहेर पडली. तिसऱ्या स्टॉपवर बायको आणि मुलगी उभ्या होत्या. मुलगी दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. ह्या ठिकाणी हॉर्न वाजला. लांबलचक. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी दचकून विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिकीट घ्या.’’

उद्याचा ड्यूटीचा तक्ता दुपारी फळ्यावर लागला. बॅज नंबर ४१८, मार्ग नऊ, सुटण्याची वेळ ५.४०. फुंकर ५.१२ ला. त्याखाली टाइमकीपरांच्या अक्षरात एक ओळ जास्त आहे: सर्व चालकांनी चूळ साध्या पाण्याने भरावी.