पांढऱ्या मार्बलवरचं काळं पाणी

वणीला आम्ही घर बांधलं तेव्हा खोल्या, जिना, गच्ची सगळं मी ठरवलं. बाथरूम तेवढं बायकोच्या मर्जीचं. चंद्रपूरला तिच्या बहिणीकडे शॉवरखाली आणि भिंतींनाही पांढरा मार्बल होता, तसाच तिला हवा होता. दुकानात मी करड्या टाइल्सपाशी रेंगाळलो, पण ती मार्बलच्या लादीवर पाणी शिंपडून पाहत होती आणि तिचा चेहरा एवढा खुलला होता की मी मार्बलचाच भाव विचारला.

दुकानदार सरळ माणूस होता. म्हणाला, "ताई, हा दगड पाणी पिते. वरून सीलर मारा लागते. आंघोळ झाली का वायपर मारायचा, ॲसिड तर चुकूनही टाकायचं नाही. घरात कोणी कोळशाच्या कामावर हाय का?"

"हे आहेत ना," बायको म्हणाली, "पण साहेबासारखं काम आहे त्यांचं. धूळ नाही लागत."

मी कोळसा वॅगनमध्ये भरतात त्या सायडिंगवर होतो. तिथं धूळच असते. मी खिशातले हात बाहेर काढले नाहीत, कारण नखांतलं काळं कधीच पूर्ण निघत नसे.

जुन्या घरातल्या सिमेंटच्या मोरीत माझ्या आंघोळीचं पाणी कधी कोणाला दिसलं नव्हतं. मलाही नाही. पांढऱ्या मार्बलवर पहिल्यांदा शॉवर सुरू केला आणि माझ्या पायांपासून जाळीपर्यंत काळे ओघळ गेले. कानामागून, मानेवरून, कोपरांतून ते येतच राहिले. एवढं सगळं अंगावर घेऊन मी इतकी वर्षं घरी येत होतो, हे तेव्हा लक्षात आलं. महिन्याभरात लाद्यांच्या जोडांतलं पांढरं सिमेंट करडं पडलं.

मी बाहेर येऊन चहाला बसलो की आतून ब्रशचा आवाज यायचा. बायको गुडघ्यांवर बसून जोड घासत असायची. ती मला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो आणि विषय मिटला असता. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग मी मागच्या अंगणातल्या नळावर आंघोळ करू लागलो. उन्हाळ्याचे दिवस होते. "बोअरचं पाणी तिथं गार येते, बरं वाटते," असं सांगितलं. थंडी आली तरी मी तिथंच जात राहिलो. बायको गरम पाण्याची बादली नळापाशी आणून ठेवायची आणि आत निघून जायची. आम्ही दोघांनीही ते तसंच चालू दिलं.

त्या हिवाळ्यात मुलीला पाहायला ढाणकीकडची माणसं येणार होती. मुलाच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. संध्याकाळी येतो म्हणाले होते, पण रस्ता मोकळा मिळाला म्हणून लवकर पोचले. मी पहिल्या पाळीवरून नुकताच आलो होतो. नळावर नुसत्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर बसून डोक्याला साबण चोळत होतो. समोरचं गेट आतून लावलेलं असल्यानं मुलगा आणि त्याचे आईवडील असे ते तिघं बाजूच्या बोळानं मागे आले.

"खाणीत आहेत त्यांचं घर हेच का हो?" वडिलांनी विचारलं.

डोळ्यांत साबण गेला होता. अंगावरून काळं पाणी गळत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. आत आहेत."

ते आत गेले. मी मागच्या दारानं खोलीत शिरलो, कपडे घातले, केस पुसले आणि बराच वेळ आरशापुढे उभा राहिलो. शेवटी बैठकीत गेलो. मुलाचे वडील उठून उभे राहिले, नमस्कार केला, एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि लगेच सोयाबीनच्या भावाचं काढलं. त्यांनी ओळखलं होतं. मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

बायकोनं पाहुण्याबाईंना घर दाखवलं. बाथरूमचं दार उघडल्याचा आवाज आला.

"केवढं छान आहे," त्या म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "मंग हे बाहेर कायले आंघोळ करून राह्यले होते?"

बायकोच्या आधी मुलगी चटकन म्हणाली, "बाबांले मोकळ्यात बरं वाटते."

ती लहानपणापासून खोटं बोलताना अडखळायची. त्या दिवशी मुळीच अडखळली नाही. याचा अर्थ ते उत्तर तिनं आधीच तयार ठेवलं होतं, बहुतेक शेजारच्यांसाठी.

सोयरिक जमली. माणसं चांगली निघाली. साखरपुड्याच्या खरेदीसाठी व्याही पुन्हा आले तेव्हा एक मुक्काम आमच्याकडे केला. सकाळी मी उठलो तर मागच्या अंगणात पाण्याचा आवाज येत होता. दार उघडलं. व्याही टॉवेल गुंडाळून नळाखाली बसले होते आणि थंडीनं त्यांचे दात वाजत होते.

"अहो, हे काय," मी म्हटलं, "आत चला. गिझर आहे, शॉवर आहे."

"असू द्या," ते म्हणाले. "तुमच्याकडे माणसं इथंच करतात ना आंघोळ? मले चालते."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. घरची रीत पाळावी म्हणून तो माणूस बापडा कुडकुडत होता. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. बायको चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

व्याही गेल्यावर चहाचे कप गोळा करत ती म्हणाली, "लोक काय समजून राह्यले आपल्याले, कळते का? बाई नवऱ्याले बाथरूममधी जाऊ देत नाही म्हणत असतील."

"तुले घासा लागू नये म्हणून जात होतो."

"मी म्हटलं होतं का कधी?"

"नाही. पण ब्रशचा आवाज येत होता ना."

ती माझ्याकडे वळली. "मी लगेच घासत होती, कारण दुसऱ्या दिवशी तुमाले ते काळं दिसू नये. तुमाले वाईट वाटीन म्हणून."

आणि मग हळूच म्हणाली, "दुकानात धूळ लागत नाही म्हटलं मी. तेव्हापासून माह्या मनात होतं. तसं म्हणायले नको होतं."

मी तिच्या हातून कप घेतले आणि स्वतःच विसळले.

लग्नाआधी आम्ही शॉवरखालची फरशी बदलली. मिस्त्रीनं मार्बलच्या लाद्या काढल्या तेव्हा त्यांच्या कडा आतपर्यंत काळ्या झालेल्या निघाल्या. दगडानं ते पाणी खरंच पिऊन ठेवलं होतं. मी उगीच बाथरूमबाहेर जाऊन उभा राहिलो. त्या जागी गडद करडी, खरखरीत टाइल बसवली. पाय घसरत नाही. जोडही काळ्याच सिमेंटनं भरले. भिंतींवरचा मार्बल तिच्या आवडीचा, तो तसाच ठेवला.

आता मी आत आंघोळ करतो. मग भिंतीवरून वायपर फिरवतो आणि मऊ फडक्यानं पुसून घेतो, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग धरतात. हे काम मी बायकोकडून मागून घेतलं. खालच्या ओळीतल्या मार्बलवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत एक करडी झाक बसली आहे. साबणानं जात नाही, घासलं तर चमक जाते. बायको म्हणते, राहू द्या, कोण पाहते तिथं. तरी मुलीच्या सासरचे येणार असले की मी सकाळीच आत जाऊन तेवढी भिंत पुन्हा पुसतो, आणि एक मोठी बादली त्या करड्या झाकेपुढे ठेवून बाहेर येतो.