बैलाच्या बादलीतलं दूध

पडदा वर गेला की आधी दिसतो तो बैल. आटपाडीकडच्या माळावरची वस्ती, नुकतंच उजाडलंय आणि अंगणाच्या बरोबर मधोमध, नायकाच्या जागी, रायफल नावाचा शर्यतीचा पांढराशुभ्र खोंड उभा. डोक्यावर पंखा, पायाखाली रबरी गादी, समोर घरच्या दोन्ही म्हशींच्या दुधानं भरलेली बादली. शेजारी अंडी आणि भिजवलेली खारीक. आणि कोपऱ्यात, जिथं उजेड पोचत नाही तिथं, दोन वर्षांची सोनम काळ्या चहात बिस्कीट बुडवते आहे.

जग उपाशी का राहतं यावर शहाण्या माणसांनी पुष्कळ व्याख्यानं झोडली आहेत. दुष्काळ म्हणे, लढाया म्हणे, महागाई म्हणे. सोनमचा बाप तानाजी याच्या घरात यातलं एकही नव्हतं. होती ती हौस.

तानाजीची आई धोंडुबाई. तिचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. जिथं मुक्काम पडेल तिथं पहिली धार पोराच्या तोंडात, उरलं तर भांड्यात. तानाजी त्याच दुधावर वाढला, आणि आता हा बहाद्दर शर्टाची बटणं उघडी टाकून बैलाला घास भरवतानाचे फोटो काढून घेत होता!

कालच अंगणवाडीच्या बाईंनी सोनमच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी लावली होती. माप लाल रंगावर आलं, म्हणजे कुपोषणाच्या. "पोर लय वाळलीया, दूध-अंडं द्या," बाई म्हणाल्या.

"शर्यत हुंदे, मग बगू," तानाजी म्हणाला. त्याची बायको अपेक्षा मान खाली घालून भाकरी थापत राहिली. तिच्या तरी वाट्याला दूध कुठं होतं?

आज शर्यत. टेम्पो दारात, तानाजीची मित्रमंडळी त्यात चढून बसलेली. धोंडुबाईच्या हातचा टिळा लागल्याशिवाय रायफल कधी वस्तीबाहेर पडत नसे. बैलाला त्याचं काही नव्हतं; धीर तानाजीचा होत नसे.

"आये, टिळा लाव, येळ झालाय."

धोंडुबाई कुंकवाची वाटी पदराखाली धरून उंबऱ्यात बसून राहिली. "पोरीला दूध पाज. मग बगते."

"समदी थांबल्यात गं! चारचौघांत लाज काढतीस व्हय?"

"तुला हाय व्हय ती? मला तर कवा दिसली न्हाई."

टेम्पोतली मंडळी फिदीफिदी हसली. तानाजीनं चडफडत बादलीत पेला बुचकळला आणि सोनमच्या तोंडाला लावला. पोरीनं तोंड फिरवलं. पेला ढकलून "चा, चा" म्हणून रडायला लागली. तिकडे रायफल बादलीसाठी दावं ओढत हंबरत होता.

धोंडुबाईनं नातीला मांडीवर घेतलं. बिस्कीट दुधात बुडवून एकेक घास भरवला. पेला संपला तशी ती वाटी घेऊन उठली. तानाजीनं लगबगीनं बैल पुढं आणला. म्हातारीनं कुंकवात बोट बुडवलं आणि सोनमच्या कपाळावर टेकवलं.

"हिचा दंड भरला की ये टिळा मागायला. बादली हितंच ठेव, आन् जा, काढ तुजं फोटू."